मागची बाजू कोरी

सोमवारी पोस्टमन कुरणे सही घेऊन गेला
आणि गुजरीतल्या तिसऱ्या मजल्यावर
मिशिगनमधली एक बँक आली.
बँक म्हणजे तिची एक नोट. तीन डॉलरची.
होय, तीन. तेव्हा चालायची.

चित्रात तिजोरीपुढं बसलेला कुत्रा,
पंजाखाली किल्ली.
साल अठराशे सदतीस, हातानं घातलेलं.
नंबर हातानं. उजवीकडं अध्यक्षाची सही, ऐटीत, शेपटी फिरवलेली;
डावीकडं लहान, नीट, लवून उभी असावी तशी
रोखपालाची.

मी भिंग आधी तिच्यावर धरतो.
सव्वीस वर्षं तसलीच सही केली मी.

पहिली नोट मिळाली लक्ष्मीपुरीत, रद्दीच्या दुकानात,
कुण्या मिशनऱ्याच्या बायबलच्या पोटात:
पंचवीस सेंटची चिटुकली,
युद्धात नाणी घरोघर दडली तेव्हाची.
दुकानदार म्हणाला, खूण म्हणून ठेवलीय, राहू दे की.
पुस्तकाचे वीस रुपये घेतले, नोटेचे काही नाही.
तिथून नाद लागला.

त्या बँका म्हणे मुद्दाम रानात काढत,
नोट वटवायला माणूस पोचू नये म्हणून.
तपासनीस निघाला की नाण्यांची पेटी
घोडागाडीतून त्याच्या पुढं पुढं पळे,
या बँकेतून त्या बँकेत.
पिंपात खिळे, वर चांदीचा एक थर.

वाचून हसू आलं नाही.
शाहूपुरीत अडत्या रव्याला टोचा मारून
आतला गूळ बघतो, मग बोलीचं बोलतो.
आमच्या पतसंस्थेला टोचा
कुणी मारलाच नाही.
मीही नाही.
किल्ली माझ्याकडं होती.

"बुडालेल्या बँकेचा कागद, नऊ हजाराला?"
कलावती म्हणाली. "आपल्या गावात कमी पडले?"
मग दिवसभर बोलली नाही.

बुधवारी व्हटकर मावशी जिना चढून आल्या.
दर वर्षी येतात, चप्पल लाईनीतून चालत,
ठेवीची मुदत संपली होती त्या तारखेला.
भांडत नाहीत. पाणी पितात, बसतात.
टेबलावर वही उघडीच होती.

"ह्यो कुत्रा कुणाचा?"
"बँकेचा."
"चावला न्हाई व्हय कुणाला?"

मी सांगितलं सगळं. दोन वर्षांत बुडाली.
नोटा पोरांनी खेळायला घेतल्या, चुलीत गेल्या,
म्हणून आता थोड्या उरल्यात,
म्हणून महाग.

त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं.
एकेचाळीस हजार तीनशे सत्तर.
चामडं कापून घट्टा पडलेला अंगठा
माझ्या सहीवर टेकवला:
"मग हेला कवा भाव यायचा?"

मी हिशेब केला. सवयच ती.
"दीडशे वर्षं तरी."
"बरं," म्हणाल्या. "तुझ्या वहीत ठीव.
माझ्या घरात उंदरं हैत."
पावती मागितली नाही.
जिन्यात एकदा थांबल्या, बहुतेक गुडघ्यासाठी.

पासबुक त्या प्लास्टिकच्या कप्प्यात मावत नाही.
दोनदा दुमडून पाहिलं, मग लाज वाटली.
नोट कप्प्यातून काढली, उलटी केली.
मागची बाजू कोरी. एकाच अंगाला छापत तेव्हा.
वचन पुढं, आणि मागं
समोरच्याच शाईचे दोन तपकिरी डाग,
जिथं रोखपालानं टाक जरा जोरात दाबला असावा.

पासबुकाची मागची बाजू कोरी नाही.
बारीक टाइपात अकरा नियम आहेत.
प्रूफ मीच तपासलं होतं.
अकरावा: पासबुक हरवल्यास
संस्था जबाबदार राहणार नाही.

हरवलेलं नाही.
माझ्याकडं आहे.