सहावी पायरी

लिहून घे, टॅकेट. पण आधी बूट पुस,
ओढ्याचा गाळ ओसरीभर केलायस.
दुसरीत होतास तेव्हा माझ्या बसमध्ये
तिसऱ्या बाकावर रोज ओकायचास,
म्हणून तुला अरे-तुरे. राग मानू नकोस.

दोन वाजून दहा मिनिटं.
आधी शेडची कडी. मग व्हर्लिनची करवत
खडीवरून ओढत नेल्याचा आवाज.
करवतीसाठी मी उठले नाही.
व्हर्लिन असता तर उठला असता.
त्यानं एकदा अंधारावर गोळी झाडली होती.
उजाडल्यावर अंधार निघाला शेजाऱ्याचं वासरू,
डोळे उघडे, तोंडात गवत.
पैसे दोन वर्षांत फिटले.
पण त्या घरच्यांनी रस्त्यावरून जाताना
हात वर केला नाही पुन्हा कधी.

मग मागच्या दाराची काच.

तेव्हाच का नाही, असं विचारतोस.
केंटकीचा कायदा तुमच्या बाजूचा होता, म्हणतोस.
ठाऊक आहे. कायदा दाराच्या चौकटीत उभा असतो.
मी जिन्याच्या वरच्या टोकाला बसले होते,
मांडीवर बंदूक, पायांत एकच मोजा.

पळायला वाट होती. तेही लिही.
लेसीच्या खोलीची खिडकी, खाली न्हाणीघराचा पत्रा,
पुढे मक्याचं शेत.
एकटी असते तर केव्हाच गेले असते,
गाऊन सावरत, अनवाणी,
आणि कुणी भित्री म्हणालं असतं
तर म्हणू दिलं असतं.
पण लेसीच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर.
नऊ वर्षांची पोर उचलून
माझ्याच्यानं पत्र्यावर उतरवत नाही.

ठरवलं होतं ते दिवसा, शेंगा सोलताना.
रात्री काही ठरवू नये,
रात्रीचं मन उधारीवर चालतं.
अकरा पायऱ्या. खालून सहावी करकरते,
व्हर्लिनकडून दुरुस्त करायची राहिली.
तिच्या खालचं सगळं घेऊन जा म्हटलं मनात:
टीव्ही, चमचे, माझ्या गुडघ्याच्या गोळ्या,
लग्नातलं घड्याळसुद्धा.
सहावीपासून वर माझं.

त्यानं फ्रीज उघडला. दूध प्यायला.
बाटलीला तोंड लावून,
मला त्याचं गिळणं ऐकू येत होतं.
माणसाचं गिळणं ऐकल्यावर, टॅकेट,
नेम धरता येतो,
पण हात आपला वाटत नाही.

मी ओरडले. वर लहान मूल आहे म्हणाले.
बंदूक भरलेली आहे म्हणाले.
आलास ते दार अजून उघडं आहे म्हणाले.

पहिली.
दुसरी, तिसरी.
बसमध्ये पोरं मोजायचे तशी मी मोजत होते,
ओठ हलवत.
चौथी.
पाचवी.

किती वेळ थांबला? माहीत नाही.
रकाना रिकामा सोड.

सहावी वाजली असती तर झाडली असती.
हेही लिही, गाळू नकोस.
मला कुणी देवमाणूस म्हणायला नको.

मग तो खोकला. ओला, छातीतला.
आणि उतरला, सावकाश,
जिन्याला हात लावत, आजारी माणूस उतरतो तसा.
खोकला ओळखीचा होता का,
हे तू दोनदा विचारलंस.
एकतीस वर्षं या खोऱ्यातली पोरं नेली-आणली,
सगळ्यांचेच खोकले ओळखीचे वाटतात.
तुझाही.

काडतुसं काढायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला.
ती बघ, साबणाच्या थाळीत आहेत.
पाचवीवर त्याच्या बुटाचा ओला ठसा आहे,
फोटो झाला की सांग, पुसून घेते.

आणि जाताना त्या सुताराला निरोप दे.
गुरुवारी येऊ नकोस म्हणावं.
पायरी आहे तशीच राहू दे.

हळू बोल.
लेसीला काही कळलेलं नाही.
दूध संपलंय, एवढंच सांगितलंय तिला.