भुताच्या पाठीवरची चेन

बुआफानबाईंना लॉटरी लागली,
म्हणून आज यासोथोनच्या या शेतात पडदा.
नवस फेडायचाय. प्रेक्षक माणसं नाहीतच,
देवळीतला थोरला आत्मा, आणि त्याचे कोण कोण असतील ते.
कापलेल्या भाताची खुंटं, त्यात वीस लाल खुर्च्या,
पहिल्या रांगेत एक कुत्रं.

कुठला लावू, विचारलं, तर बाई म्हणाल्या,
"भुताचाच लाव रे प्रयून, पण हसवणारा.
तेही बिचारे रोज तेच तेच बघत असतील."

मग काढलं फणसभूत.
आमच्याच गावात, अकरा दिवसांत उरकलेलं.
रेनकोटवर फणसाची सालं चिकटवून केलेलं भूत,
वळलं की पाठीवरची चेन दिसते,
अर्ध्यावर अडकलेली, आत कोणाचा तरी पट्ट्यापट्ट्यांचा बनियन.
चंद्र म्हणजे जेवणाचं ताट.
एकदा तो कलतो,
तेव्हा आभाळातून एक हात येतो
आणि सरळ करून जातो.

पैसे संपले तसे सनानने मोटारसायकल विकली.
त्यामुळे नायक मध्यंतरापर्यंत मोटारसायकलवर
आणि पुढे, काही न सांगता, सायकलवर,
मागे फणस धावतोय, धापा टाकत,
आणि दोघांतलं अंतर काही कमी होत नाही
कारण फणसाला समोरचं दिसतच नसे.

माझा भाऊ तुय तिसऱ्या मिनिटाला मरतो.
रक्त म्हणून लाल सरबत ओतलेलं, घट्ट, गोड,
आणि मार्च महिन्यातल्या मुंग्या.
प्रेत डोळे मिटून पडलंय,
बायको छाती पिटतेय,
आणि प्रेत हळूच एक बोट हलवतं,
मग कोपर,
मग सरळ उठून मांडी खाजवतं आणि परत मरतं.
दुसऱ्या टेकला रीळ नव्हतं. राहिलं तसंच.

माणसं कमी पडली म्हणून तुय पुढेही मरतो.
एकदा मिशा लावून.
एकदा आईचं लुगडं नेसून, मावशी म्हणून,
आणि आई प्रत्येक वेळी त्याच जागी हसायची,
लुगड्याला डाग पडला म्हणून शिव्या देत.

शहरात गेल्यावर एक महागडा भयपट पाहिला होता.
कुठे शिवण नाही, चेन नाही.
भूत अगदी भुतासारखं.
रात्री झोप आली नाही, एवढंच.
सकाळी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तुय बँकॉकला परातीवरून पडला, सतराव्या मजल्यावरून.
तिथे काही चुकलं नाही. एकाच टेकमध्ये झालं.
पांढरी चादर, नीट ओढलेली,
ठेकेदार, फॉर्म, अंगठा.
मी चादरीकडे बघत उभा होतो
बराच वेळ,
बोट हलेल म्हणून.
लाज वाटते सांगायला, पण
मी खिशातली पाण्याची बाटली काढून
मुंग्या आहेत का तेही पाहिलं आजूबाजूला.

तर आता, रीळ दोन, शेत, वारा.
पडद्याला मधोमध पोक आलंय,
त्यामुळे फणसभूत गरोदर दिसतंय.
गावचा मुखिया त्याला मुसळाने बडवतो,
ते म्हणतं, "माफ करा, घर चुकलं."
मी हसतो. एकटाच.
कुत्रं माझ्याकडे वळून बघतं,
सिनेमात गडबड करणाऱ्याकडे बघावं तसं.

तुय मरतो. खाजवतो. मरतो.
मी आवाज वाढवतो,
मागच्या रांगेपर्यंत जावा म्हणून.

देवळीपुढे बाईंनी लाल सोड्याची बाटली ठेवलीय,
नळी घालून, झाकण काढून.
बाटलीवर मुंग्यांची रांग चढतेय.
बाई म्हणाल्या होत्या, लक्ष ठेव, झटकत जा.
अजून दीड रीळ आहे.
राहू देत.