ओष्ठ्य

आठवा महिना. जानेवारी. जनकगंजात धुकं
इतकं, की समोरचं दुकान नुसत्या आवाजानं उघडायचं.
चूळ भरली आणि पाणी
डाव्या कोपऱ्यातून आपलं आपण निघून गेलं
गाऊनवर, पोटावर.
मला वाटलं, ओठ झोपलाय अजून.

भदौरिया आंटी म्हणाल्या, लकवा मार गया.
आत्याबाई म्हणाल्या, वारा लागला, कान बांध म्हटलं होतं.
डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय,
दिवस भरत आले की होतं कधीकधी, बाळाला काही नाही.
बाळाला काही नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.
मी तीनदा मान हलवली.
मान हलत होती.

डावा डोळा मिटेना.
रात्री पापणी खाली ओढून वर चिकटपट्टी,
पाकीट बंद करावं तशी.
एका डोळ्यानं झोपायचे,
आणि आत कुणीतरी दोन्ही पायांनी जागं.

सगळ्यात आधी गेली ती एक ओळ:
प फ ब भ म.
शाळेत बाकावर ताल धरून म्हटलेली.
नवऱ्याचं नाव प्रभंजन. माझ्या तोंडून नुसतं फुस्स.
तो हसला, मग हसल्याबद्दल दिवसभर कानकोंडा.
जुन्या बायका नाव घेतच नसत, असं म्हणायला गेले
तर 'बायका'तच ब.

बारशाला पत्रिकेतून अक्षर निघालं: प.
मी अडून बसले. कागदावर लिहून दाखवलं,
ओठांना ओठ न लावता हाक मारता येईल असं हवं.
केतकी.
कंठ आणि दात पुरतात.

सहा आठवड्यांची झाली, माझ्याकडे बघून हसली,
आणि मी ओढणी ओढली तोंडावर.
पोरं समोरचा चेहरा शिकतात म्हणे.
हा अर्धा नको.

कंपूला, सिकरवार मॅडमकडे,
आरशापुढे मेणबत्ती. फुंका.
मे महिन्यात ज्योत हलली.
जुलैत विझली, तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या,
शेजारच्या खुर्चीतल्या गुडघेवाल्या आजोबांनीही.

पुढच्या थंडीत ती आणि मी एकाच चटईवर:
बा. बा. मा.
तिचा ब माझ्या आधी आला.

सात वर्षं झाली. ऐंशी टक्के, मॅडम म्हणाल्या,
यापुढे फार नाही.
नसा परतल्या, पण काही चुकीच्या घरात शिरल्या.
हसले की डावा डोळा मिटतो.
गजक चावताना त्याच डोळ्यातून पाणी;
पाहुण्यांना वाटतं, कुणाची आठवण आली.
मी सांगत बसत नाही.
लग्नाच्या अल्बममधली बाई ओळखीची वाटते,
तिचा पत्ता मात्र माझ्याकडे नाही.

काल बाड्यावर शाळेच्या ओळखपत्राचा फोटो.
स्टूलवर केतकी. फोटोवाला म्हणाला, मुस्कुराओ.
ती हसली. डावा डोळा मिटला.
तिच्या नसा ठणठणीत आहेत.
आँख खोलो, बेटा. उघडला; हसू गेलं.
पुन्हा हसली, पुन्हा मिटला.
तिसऱ्या वेळी तिनं वैतागून दोन्ही हात कमरेवर ठेवले:
अंकल, हँसूँ या आँख खोलूँ?
एक बात बताओ.