दोन ळ

चिंचपोकळीला, पुलाच्या अंगाला, मसुरकरांचा छापखाना.
एक ट्रेडल, चार कंपोझिटर.
चारातले तीन गेले, उरले ते मसुरकर स्वतः.
मुद्रणस्थळ चिंचपोकळी असं छापायचं
तर पत्त्यातच दोन ळ जात.

त्या वर्षी दोन युनियन.
एक नाक्याच्या अलीकडची, एक पलीकडची.
अलीकडची पत्रकं सकाळी, पलीकडची दिवेलागणीला,
एकमेकांची तोंडं बघायला नकोत म्हणून.
शिव्या वेगळ्या, शाई वेगळी,
चळवळ तीच.
"चळवळीला दोन ळ," मसुरकर म्हणायचे,
"टाळेबंदीला एक. मिळालाच पाहिजे, त्याला एक.
फौंड्रीवाल्याला कुठे ठाऊक
माणसं इतकी चिडतील?"

आम्ही तिघं कवी. आमच्यातही फूट.
पोतनीस म्हणे, विशेषण ही मालकांची भाषा.
घारपुरे म्हणे, क्रियापदसुद्धा.
मग दोघांनी दोन अनियतकालिकं काढली.
दोन्हींचे वर्गणीदार तेच अकरा,
त्यातला एक मी.

तीन ओळी घेऊन गेलो:

        चिमणीवर कावळा
        काळा.
        धूर थांबलेला.

मसुरकरांनी चष्मा कपाळावर ढकलला,
खण उपडा करून दाखवला. दोन मेलेल्या मुंग्या.
"दोन्ही फर्मे बांधून पडलेत. सुटले की बघू.
आणि कावळा काळाच असतो की. लोकांना माहीत आहे."
"मग नुसता कावळा?"
"त्यालाही लागतो. पाखरू घाल.
नाहीतर जागा सोड."

सोडली.

        चिमणीवर

        धूर थांबलेला.

पोतनीस म्हणाला, ही खरी क्रांती.
घारपुरेनं अंक हातात घेतला, पालथा ठेवला,
चहाचे पैसे न देता गेला.

संपाच्या पंचावन्नाव्या रात्री
साचेखात्यातला सावळाराम तळवडेकर
बेकरीसमोर.
सहा पाव. एक सुरा.
पाव शेवटपर्यंत काखेतच होते.

अलीकडचे आले: आमचा माणूस.
पलीकडचे आले: आमचा.
दोघांना जाड काळी चौकट हवी,
दोघांना आत्ता.

मसुरकर फर्म्यावर वाकले. आवळलेली कळ सैल केली.
चिमट्यानं एक ळ उचलला. मग दुसरा.
सावळाराम तळवडेकर.
छापून झाल्यावर पलीकडचा फर्मा ओढला.
पुन्हा एक, पुन्हा दुसरा.
पुन्हा तेच नाव.

ज्या ओळींतून काढले होते
तिथे राहिलं होतं

        च  व

आणि शेजारच्या गॅलीत

        च  व

मी उलटं वाचत होतो, त्यांनी शिकवलं होतं तसं.
ते वाचत नव्हते. जिभेला अंगठा लावून
पत्रकं मोजत होते,
शंभराला एक खूण,
पुन्हा जीभ, पुन्हा अंगठा,
शिशाचा करडा डाग ओठाच्या कडेला.

"सोमवारी ळ मोकळे होतील," म्हणाले,
"तुझा तो कावळा आणायचा का परत?"

राहू द्या म्हटलं.

शाई ओली होती, गठ्ठे बांधता येईनात.
दाराबाहेर न्यायला आलेली दोन पोरं,
एक अलीकडचा, एक पलीकडचा,
बोलत नव्हती.
एकच विडी. इकडून तिकडे,
तिकडून इकडे.