सांधा

आर्विड शेलांड मे महिन्यात तिसऱ्यांदा दुकानात आला
आणि तिसऱ्यांदा तीच दोन यंत्रं भिंतीवरून उतरवायला लावली.
मी काही बोलले नाही. मिनेसोटातला आमचा शनिवार,
गिऱ्हाईक तुरळक,
बाहेर धान्याच्या कोठीला वारा रेटत होता.

डावीकडचं: गवत कापतं. बस्स.
अखंड दांडा, टोकाला गरगरणारी नायलॉनची दोरी.

उजवीकडचं मधोमध सुटतं, खटकन जुळतं,
मग पुढे लावाल ते – करवत, कुंपणाची कात्री,
माती उकरायचे दात,
पानं उडवायला पंखासुद्धा.
जोडण्यांचे पैसे वेगळे.
(हे मी हळू सांगते. मालक नसला की मोठ्यानं.)

चर्चच्या समितीनं त्याला दिलेत साडेतीनशे डॉलर
आणि एकशे बारा थडगी.
जुनं यंत्र बंद पडल्यापासून दोन उन्हाळे
तो गुडघ्यांवर रांगत
मेंढ्या कातरायच्या कात्रीनं गवत काढतोय.
समितीतली मार्लिस म्हणते, उजवीकडचं घे,
एकात पाच, उद्या ओकची फांदी उतरवायची झाली तर?
ही फांदी गेली दहा वर्षं उद्या उतरवायची आहे.

त्यानं उजवीकडचं उचललं,
खाली रचलेल्या रंगाच्या डब्यांभोवती फिरवलं,
असं, की डब्यांची झोप मोडू नये.
"डुलतंय," म्हणाला. "सांध्यापाशी."
केसभर, मी म्हटलं.

"पोरांचे दगड खचलेत," तो म्हणाला,
"नावं गवताच्या उंचीला आलीत.
मऊ संगमरवर. दोरी जरा घासली
की अक्षर जातं.
इंगेबोर्गचं पहिलं अक्षर गेलं,
घटसर्पाच्या साथीतली, चार वर्षांची.
माझ्या हातून गेलं."

केसभर.

मी किल्ल्या कापते, रंग कालवते,
मासेमारीचे परवाने लिहून देते,
मालकाच्या आईला डायलिसिसला नेते मंगळवारी.
एक दांडा, मागतील ती जोडणी.
एक ना धड, असं तोंडावर कुणी म्हणत नाही.
संध्याकाळी गाडीत बसले की मात्र
कुठेतरी मधोमध हलतं
आणि किल्ली लावायच्या आधी
मी थोडा वेळ तशीच बसते.

हे त्याला सांगितलं नाही.
"मग फांदीचं काय?" विचारलं.
"पडली तर पडली," तो म्हणाला,
"खालची माणसं तक्रार करायची नाहीत."
डावीकडचं घेतलं. दोरीची दोन जादा रिळं.
उरलेले एकेचाळीस डॉलर पाकिटात घातले,
पावतीसकट, मार्लिससाठी.

सप्टेंबरात, बीटाचे ट्रक सुरू झाले त्या आठवड्यात,
वादळात फांदी आपणहून उतरली.
एकाही दगडाला लागली नाही.
नेमकी पडली ती मार्लिसनं
स्वतःसाठी राखून ठेवलेल्या जागेवर.
आर्विड आला, सतरा डॉलरची हातकरवत घेऊन गेला.
हसला नाही. मीही हसले नाही.
तो दाराबाहेर जाईपर्यंत.

उजवीकडचं अजून भिंतीवर आहे.
कुणी मागितलं तर उतरवते,
सांधा दोनदा आवळते
आणि जोडण्यांच्या किमती सांगते,
मालक असला तरी, मोठ्यानं.