तासिका तत्त्वावर

शनिवारी सकाळी कुडाळहून सातची एसटी.
कंडक्टर राऊळांना माझं तिकीट पाठ.
काय शिकवता, हे त्यांनी एकदाच विचारलं.
मी म्हटलं, आरोग्य.
मग आमच्या मंडळींचा गुडघा बघा जरा, म्हणाले.

वेंगुर्ल्यात केंद्राच्या जिन्याखाली मस्टर.
विषयाच्या रकान्यात हेडक्लार्क परुळेकर
'मानवी' एवढंच लिहितात आणि पुढे टिंबं देतात.
परवा मोजली, नऊ होती.
त्या शब्दात अक्षरं चारच आहेत.

वर्ग भरतो जीवशास्त्राच्या जुन्या खोलीत.
कपाटात बरणी, बरणीत फॉर्मलीनमधली शेवंड,
लेबलवर सुवाच्य अक्षरात: मादी, अंड्यांसह.
त्या बरणीवर कोणी कधी फडकं टाकलेलं नाही.

पीएच.डी.ला चौघं.
नौशीन मुकादम, जिच्या बायकांचे नवरे
नऊ महिने जहाजावर आणि तीन महिने परके.
हर्षद केळुसकर, ट्रॉलरवरच्या खलाशांशी बोलतो,
ते त्याला आधी दारू पाजतात, मग खोटं सांगतात,
मग पहाटे जाळं ओढताना खरं.
सिस्टर लुर्दिन, हिला पहिल्या दिवशी मी घाबरले होते,
आता ती नसली की तासाला नेमके शब्द मिळत नाहीत.
आणि प्रणोती गावडे. काजू कारखान्यातल्या बेचाळीस बाया,
बोटं तेलाने काळी, सालं गेलेली.

मला कोणी शिकवलं?
सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात
पडद्याच्या अलीकडे बसून ऐकलं, तेवढंच.
त्याआधी, हळदीच्या रात्री, मावशी कानात म्हणाली,
दिवा मालवायला सांग.
संपला अभ्यासक्रम.

प्रणोतीने आज मुलाखतींचा गठ्ठा आणला.
म्हणाली, मॅडम, अडलंय.
सगळ्या नुसतं 'तां' म्हणतात.
तां दुखता. तां नको वाटता.
तां एकदाच झाला, खाडीपलीकडे, लग्नाआधी.
तां कधीच नाय झाला, चार पोरां झाली तरी.
तीनशे अकरा वेळा, मोजलंय मी.
ह्याला कोड काय देऊ?

सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागली.
हर्षदने पेनाचं टोपण काढलं, लावलं.
माझ्याकडे परिभाषाकोशातले दोन शब्द होते,
दोन्ही संस्कृत, दोन्ही
कोणत्याही बाईच्या तोंडात न गेलेले.
म्हटलं, 'तां' असंच राहू दे.
परीक्षक विचारतील.
विचारू देत. त्यांनाही कधी तरी कोणी तरी विचारायला हवं.

तास संपला, चारही बिलात लिहिले.
पायऱ्या उतरते तर रुक्मिण धुरी, झाडणारी,
केरसुणी भिंतीला टेकवून उभी.
"बाय, माका एक इचारूचा होता."
मग बराच वेळ काही विचारलं नाही.
बंदराकडून बर्फाचा टेम्पो गेला,
त्याचं पाणी रस्ताभर ठिबकत राहिलं.
"पन्नाशी उलाटली माझी. घो जावन सात वर्षां झाली.
तरी मन होता. ह्यां पाप काय ओ?"

नाही म्हणायला एक क्षण पुरतो.
मी खाली बसले, पायरीवर, तिच्या शेजारी,
कारण तेवढं उभ्याने सांगून चालणार नव्हतं.
तिने पदराने आधी पायरी पुसली.
साडेचारची गाडी गेली.
मध्येच ती हसली, तोंडावर हात न घेता,
आणि मला माझं वय आठवलं,
माझी खोली, उशाशी
अजून आधी मालवला जाणारा दिवा.
ते मी तिला सांगितलं नाही. सांगणार होते.

पावणेसहाच्या गाडीला पुन्हा राऊळच.
आज उशीर, बाई?
म्हटलं, एक तास जादा झाला.
त्याचे पैसे?
त्याला रकाना नाही.
त्यांनी तिकीट फाडलं, सुटे दिले,
आणि पुन्हा गुडघ्याचं काढलं: रात्री झोपत नाही ती,
कूस बदलते, विचारलं तर काही सांगत नाही.
घेऊन या एखाद्या शनिवारी, मी म्हटलं.
गुडघ्यापासून सुरू करू.