न्यूट्रलमध्ये

आडगाव नाक्याच्या पुढे, वजनकाट्याच्या भिंतीला टेकून माझं शेड.
डिसेंबरात इथे पान्याला हात लावला की पाना चावतो.
दौलत पगारची गाडी सकाळी सातपासून उभी,
मागे रिकामे क्रेट, पिंपळगावची फेरी बुडालेली,
आणि इंजिन एका जागी उभं राहून
कुठेतरी निघाल्यासारखं करतंय :
सातशे, अकराशे, सातशे, अकराशे.
पेडलवर कुणाचा पायसुद्धा नाही.

"दम लागलाय तिला," दौलत म्हणतो.
"दम लागायला ती धावली कुठे?"

दोन हजार आठचं मॉडेल. आधीच्या पंपासारखं नाही,
की कान लावला, स्क्रू अर्धा आटा फिरवला, चहा सांगितला.
हिचं सगळं वायरींतून चालतं,
आणि वायरी माझ्याशी बोलत नाहीत.
नूतन बोरस्तेशी बोलतात.
सातपूरच्या आयटीआयची पोर, सहा महिने झाले येऊन.
तिने स्कॅनर लावला, स्वेटरच्या बाहीने काच पुसली,
म्हणाली, "काका, गाडीच्या मते गाडीला काही झालेलं नाही."

मग मी माझ्या पद्धतीने.
डिझेल फिल्टर नवा घातला.
सेन्सरचं सॉकेट काढून, फुंकून, परत दाबलं.
पंपावरचा व्हॉल्व्ह दुसऱ्या गाडीचा उसना लावून पाहिला.
सातशे, अकराशे.
लांब स्क्रूड्रायव्हर एकेका इंजेक्टरवर टेकवला, मूठ कानाशी :
चारही सारखेच टकटकले
उजव्या कानात.
डाव्यात गेल्या वर्षापासून नुसता वारा असतो.
हे शेडमध्ये कुणाला माहीत नाही.
नूतनला असावं. ती नेहमी उजवीकडून हाक मारते.

जेवायला बसलो. दौलत माझ्या डावीकडे,
भाकरीवर ठेचा पसरत काहीतरी बोलला.
मी मान हलवली, हलवतो तशी.
नूतनने मात्र घास तसाच ठेवला.
"काय म्हणालात? टाकी फुल्ल असते तेव्हा?"
"तेव्हा गप असते. पाव टाकीच्या खाली आली की नाचते.
आत्ताच सांगितलं की मिस्त्रींना."

ती उठलीच. समोरच्या बांधकामावर गेली,
गवंड्याशी हुज्जत घालून
त्याच्या लेव्हलच्या नळीचा हातभर तुकडा कापून आणला.
काळा पाइप काढून मध्ये ती पारदर्शक नळी बसवली,
क्लिपा आवळल्या, स्टार्टर मारला.
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.

डिझेल आलं, पिवळं, शांत.
मग एक बुडबुडा, खसखशीएवढा.
मग साबुदाण्याएवढे, रांगेने,
आणि प्रत्येक रांगेमागून सुई वर, सुई खाली.
गळत कुठेच नव्हतं. एक थेंब खाली पडलेला नाही.
बाहेर यायला जागा नव्हती,
आत जायला होती.

नूतन एकेका जोडावर ग्रीस थापत मागे सरकली,
एक डोळा नळीवर.
गाळणीच्या बोल्टला बोट लागलं आणि
बुडबुडे थांबले.
सुई साडेसातशेवर येऊन बसली,
पाहुण्यांसमोर शहाणं झालेल्या पोरासारखी.

बोल्ट मीच खोलला. तांब्याचा वॉशर निघाला,
एका बाजूने झिजलेला, आणि
दुसऱ्या बाजूनेही.
गेल्या दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी
पार्टची दुकानं बंद झाली होती, दौलतला घरी जायची घाई,
आणि जुनाच वॉशर पालथा करून बसवणारे हात
हेच.
आठ रुपयांची वस्तू.

"काय निघालं?" दौलत.
"हवा," मी म्हणालो. खोटं नव्हतं.
फिल्टरचे पैसे घेतले नाहीत,
त्याने का म्हणून दोनदा विचारलं.

गाडी ओझरच्या दिशेने गेली. बराच वेळ ऐकू आली मला,
किंवा तसं वाटलं.
नूतन केरोसिनच्या डब्यात हात धुऊन
माझ्याकडे आली, वॉशर माझ्या तळहातावर ठेवला,
आणि मुद्दाम डावीकडून
काहीतरी बोलली.

मी म्हणालो, हो.